बाण वाकडा का गेला?

दिवाळी अंकात शिकारीचा लेख म्हटला, की वाचकांच्या डोळ्यांपुढे मचाण, चांदणी रात्र, झाडाखाली बांधलेले बोकड आणि शेवटच्या परिच्छेदात लोळणारा वाघ उभा राहतो. म्हणून आरंभीच सांगून टाकतो, की माझ्या या लेखात वाघ नाही. मी जन्मात बंदूक हातात धरलेली नाही आणि आमच्या घरात अंडेसुद्धा येत नाही. पुण्यात एका कारखान्याच्या टूलरूममध्ये मी चौतीस वर्षे नोकरी केली, आणि हातात धरले ते मायक्रोमीटर, डायल गेज आणि कानस. अशा माणसाकडे एका शिकाऱ्याचे बाण सरळ करण्याचे काम कसे आले, आणि त्याने ते का पत्करले, याची ही हकीकत आहे.

त्याचे असे झाले. २०२३ सालच्या जुलैअखेर मी आणि सौ. आमच्या मुलीकडे अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यात गेलो होतो. मॅडिसन शहरापासून तासाभराच्या अंतरावर तिचे लहानसे गाव आहे. चहूकडे मका आणि सोयाबीनची शेते, गुरांचे गोठे, मधूनच ओकच्या झाडांची एखादी राई. जावई सकाळी कामावर जात, मुलगी आपल्या खोलीत संगणकापुढे बसे, आणि आम्ही दोघे खिडकीतून रस्ता पाहत बसायचो. रस्त्यावर माणूस दिसेल तर शपथ! माणसाची चाहूल म्हणून काय ती एकच. रोज संध्याकाळी शेजारच्या परसातून ‘थक्, थक्’ असा आवाज येई.

तो शेजारी म्हणजे साठी उलटलेला, दुधाचा धंदा करून निवृत्त झालेला शेतकरी. आमची ओळख व्हायला कारण झाली ती आपल्या साताऱ्याची एक मुलगी. ५ ऑगस्टला जर्मनीत, बर्लिनला, जागतिक तिरंदाजी स्पर्धेत साताऱ्याची सतरा वर्षांची अदिती स्वामी ही कंपाऊंड धनुष्याची जगज्जेती झाली, आणि त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळेने अंतिम सामन्यात १५० पैकी १५० गुण मिळवून पुरुषांचे अजिंक्यपद पटकावले. मी ही बातमी वाचून आनंदात अंगणात आलो, तर कुंपणापलीकडून शेजारीच ओरडला, “ती मुलगी तुमच्या गावची का?”

“माझ्या गावापासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवरची,” मी म्हणालो.

“म्हणजे शेजारचीच!” तो म्हणाला, आणि त्याने मला आपले धनुष्य पाहायला बोलावले.

आपल्या मनातले धनुष्य म्हणजे रामाच्या खांद्यावरची ती सुबक कमान. कंपाऊंड धनुष्य पाहिले तर ते एखाद्या यंत्राचा सुटा भागच वाटेल. अमेरिकेतल्याच मिझुरी राज्यातल्या हॉलेस विल्बर ॲलन नावाच्या गृहस्थाने ते काढले आणि १९६९ साली त्याचे पेटंट मिळवले. दोन्ही टोकांना लंबगोल चाके असतात. त्यांना कॅम म्हणतात. दोरी ओढताना आरंभी पुरता जोर लागतो, पण शेवटी ही चाके अशी काही वळतात, की हातावरचा भार एकदम उतरतो. शेजाऱ्याचे धनुष्य साठ पौंडांचे, म्हणजे सुमारे सत्तावीस किलोंचे होते, पण पुरते ओढल्यावर बोटांवर उरत बारा पौंड. त्यामुळे साठीतला माणूससुद्धा शांतपणे नेम धरू शकतो.

मी ते धनुष्य उलटेसुलटे करून पाहत होतो. जुन्या कारागिराची नजर शेजाऱ्याने ओळखली असावी. तो जरा घुटमळला, आणि म्हणाला, “तुम्ही यंत्रावरचे माणूस आहात. माझे एक दुखणे बघाल का?”

त्याच्याजवळ सहा बाण होते. त्यांना सरावाची साधी, पेन्सिलीसारखी निमुळती टोके लावून त्याने ते चाळीस वारांवरून, म्हणजे छत्तीसेक मीटरवरून सोडले. सहाही बाण बशीएवढ्या जागेत बसले. मी म्हणालो, “वा! यात दुखणे कुठे आहे?” त्याने काही न बोलता टोके बदलली. आता त्याने लावले ते शिकारीचे ब्रॉडहेड, म्हणजे दाढीच्या पात्याइतकी धारदार तीन पाती असलेले फाळ. वजन तेच, शंभर ग्रेन, म्हणजे साडेसहा ग्रॅम. धनुष्य तेच, बाण तेच, माणूस तोच. पण या खेपेला सारे बाण अर्धा वीत खाली गेले, डावी-उजवीकडे फाकले, आणि एक तर चांगला फूटभर बाजूला जाऊन बसला.

“गेल्या वर्षीही असेच होत होते,” तो म्हणाला. “मी काय केले, तर नेमाची खूण सरकवून घेतली. वीस वारांवर ते बेमालूम बसले. मला वाटले, झाले काम.” पुढचे सांगताना त्याने माझ्याकडे पाहिले नाही. त्या शरदात एक हरिणी त्याच्यासमोर पस्तीस वारांवर उभी राहिली. बाण बसला, पण बसायला हवा तिथे बसला नाही. हरिणी पळाली. रक्ताच्या थेंबांवरून तो रात्रभर आणि दुसरा सबंध दिवस हिंडला. तिसऱ्या दिवशी पाऊस आला आणि माग धुऊन गेला. “ती कुठे मेली, किती दिवसांनी मेली, की जगली, मला ठाऊक नाही,” तो म्हणाला. “बाण सरळ गेल्याशिवाय यंदा मी रानात पाऊल टाकणार नाही.” हंगाम सप्टेंबरच्या मध्यावर एका शनिवारी सुरू व्हायचा होता. हातात पाच आठवडे होते.

रात्री जेवताना मी हे घरी सांगितले. सौ. एकदम म्हणाली, “म्हणजे हरीण मारायच्या कामात तुम्ही हातभार लावणार?”

मुलीने समजावले, की इथे परवाना असतो, कोणी किती जनावरे मारायची याची मोजदाद असते, मांस वाया जात नाही. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली, इथे ती चालते आणि तिचे नियम आहेत. सौ.चे समाधान झाले नाही, आणि खरे सांगायचे तर माझेही झाले नाही. परंतु माझ्या डोळ्यांपुढून ती पावसातली हरिणी हलेना. मी म्हणालो, “तो काही माझ्यावाचून शिकार सोडणार नाही. फरक पडेल तो एवढाच, की जनावर क्षणात जाईल, की चार दिवस तडफडेल.”

सौ. बराच वेळ ताटातला भात चिवडत राहिली. मग म्हणाली, “दशरथाने बाण सोडला तो न बघता, नुसत्या आवाजावर. श्रावण गेला. करायचेच असेल तर नीट करा, अर्धवट करू नका.”

दुसऱ्या दिवसापासून आम्ही कामाला लागलो. आता इथे वाचकांच्या मनात प्रश्न येईल, की एकाच वजनाच्या दोन टोकांत एवढा फरक का पडावा? उत्तर सोपे आहे. बाणाच्या शेपटीला पिसे असतात. हल्ली ती प्लॅस्टिकची करतात. बॅडमिंटनच्या फुलाची पिसे जशी त्याला नेहमी टोक पुढे ठेवून नेतात, तशीच ही बाणाला सरळ ठेवतात. साध्या टोकाला वारा धरायला काही जागाच नसते. त्यामुळे बाण थोडा तिरका सुटला तरी पिसे त्याला वाटेत वळणावर आणतात आणि आपली चूक झाकली जाते. ब्रॉडहेडची पाती मात्र पुढच्या बाजूची पिसेच होत. बाण किंचित तिरका निघाला, की पाती वारा धरतात आणि बाणाला आपल्या दिशेने ओढू लागतात. सेकंदाला अडीच-पावणेतीनशे फूट वेगाने जाणाऱ्या बाणाच्या पुढेही सुकाणू आणि मागेही सुकाणू, अशी ती ओढाताण असते. म्हणजे ब्रॉडहेड चूक करत नाही. चूक आधीचीच असते, तो ती चव्हाट्यावर आणतो एवढेच!

मिटणाऱ्या पात्यांचे फाळही बाजारात मिळतात. ते लागल्यावर उघडतात, त्यामुळे उडताना साध्या टोकासारखे जातात. मी ते सुचवून पाहिले. शेजारी म्हणाला, “ते वाईट नाहीत. पण पाती उघडण्यात बाणाचा थोडा जोर खर्च होतो, आणि माझा बाण तिरका जात असेल तर तो तिरकाच घुसेल. मला चूक लपवायची नाही, काढायची आहे.” हे उत्तर ऐकून मला माझे टूलरूममधले पहिले वस्ताद आठवले.

पहिला नियम मी घातला तो वस्तादांचाच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि प्रत्येक गोष्ट वहीत लिहायची. सहा बाणांवर एक ते सहा आकडे घातले. तीन दिवस शेजाऱ्याने बाण सोडले आणि मी कुठला कुठे बसला हे लिहीत गेलो. चौथ्या दिवशी वहीच बोलू लागली. फूटभर बाजूला जाणारा बाण प्रत्येक वेळी चार नंबरचा होता. बाकीचे पाचही खाली जात होते ते जवळजवळ सारख्याच अंतराने, पण आडवे फाकत होते ते मात्र दर वेळी निराळे. कारखान्यात आम्ही म्हणत असू, की एकाच नगात सापडते ती त्या नगाची खोड. सगळ्या नगांत सारखी येते ती यंत्राची. आणि दर वेळी निराळी होते ती कामगाराच्या हाताची! म्हणजे इथे एक नव्हे, तीन दुखणी एकत्र नांदत होती.

आधी नग तपासला. सायकलच्या चाकाचा आउट काढतात ना, तसेच हे काम. लाकडाच्या दोन ठोकळ्यांना इंग्रजी व्ही अक्षरासारख्या खाचा पाडून त्यांवर बाण आडवा ठेवला, टोकाशी डायल गेज लावले आणि बाण हळूहळू फिरवला. पाच बाण जवळजवळ स्थिर फिरले, चार नंबरचे टोक अर्ध्या मिलिमीटरने लचकत होते. बाण म्हणजे कार्बनची पोकळ नळी. तिच्या तोंडात आटे पाडलेली धातूची पुंगळी चिकटवतात आणि तिच्यात फाळ फिरवून बसवतात. चार नंबरची नळी कापताना काटकोनात कापली गेली नव्हती, म्हणून पुंगळी तिरकी बसली होती. फाळ बदलून पाहिला, तोंड घासून पाहिले, लचक कमी झाली पण गेली नाही. शेजाऱ्याने तो बाण मुकाट्याने बाजूला ठेवला. घरी गेज नसेल त्यांनी बाण टोकावर उभा करून भोवऱ्यासारखा फिरवावा, लचक बोटांना कळते. मात्र पात्यांशी खेळ नको. फाळ बसवायला प्लॅस्टिकचा खास पाना मिळतो, त्याशिवाय हात लावायचा नाही अशी तंबी मला घरून होतीच.

बाणाचा ताठपणाही पाहिला. अठ्ठावीस इंचांवर टेकवलेल्या नळीच्या मध्यावर १.९४ पौंडांचे, म्हणजे सुमारे ८८० ग्रॅमचे वजन टांगतात आणि ती किती वाकते ते इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात. तोच आकडा बाणावर छापलेला असतो. आकडा जितका लहान, तितका बाण ताठ. जोरदार धनुष्याला लवचिक बाण लावला तर तो सुटताच मासोळीसारखा वळवळतो, आणि टोक जड केले तर ताठ बाणही लवचिकासारखा वागू लागतो. कंपनीच्या तक्त्याशी ताडून पाहिले, शेजाऱ्याचे बाण त्याच्या धनुष्याला जमत होते. दोन्ही कॅम एकाच क्षणी थांबतात की नाही तेही पाहिले. मी बाजूला उभा राहून पाहिले आणि त्याने बाण लावून दोरी ओढली. बाण लावल्यावाचून दोरी सोडायची नसते, तशाने धनुष्य फुटू शकते. तिथेही दोष नव्हता.

मग यंत्राची खोड. सौ.ने दिलेली पावडर पिसांवर भुरभुरवली आणि बाण सोडला. एका पिसावरची पावडर पुसलेली निघाली. म्हणजे सुटताना ते पीस बाण टेकवायच्या टेकूला घासत होते. बाणाच्या शेपटीची खाच किंचित फिरवताच ते घासणे थांबले. यानंतर कागदाची परीक्षा. जुन्या तसबिरीच्या चौकटीत वर्तमानपत्राचा कागद ताणून बसवला, सहा फुटांवरून त्याच्या आरपार साध्या टोकाचा बाण सोडला आणि पलीकडे पक्के लक्ष्य ठेवले. बाण सरळ गेला तर कागदाला एक भोक पडते आणि भोवती पिसांच्या तीन चिरा उमटतात. आमच्या कागदात टोकाचे भोक खाली आणि पिसांच्या चिरा वर, मध्ये इंचभर फाटलेले! म्हणजे बाण शेपटी वर करून, नाक खाली घालून निघत होता. अशा बाणाची पाती त्याला खालीच नेणार. टेकू एका वेळी इंचाचा बत्तिसावा भाग, म्हणजे पाऊण मिलिमीटर, असा दोनदा वर घेतला. भोक आणि चिरा एकत्र आल्या. चाळीस वारांवर ब्रॉडहेड वर आले आणि साध्या टोकांच्या रांगेत बसले. गेल्या वर्षी सरकवलेल्या नेमाच्या खुणेला मात्र आम्ही शेवटपर्यंत हात लावला नाही. दोन्ही टोके एकाच जागी बसू लागल्यावरच नेम जुळवायचा. आधी नेम सरकवणे म्हणजे ताप उतरवायला थर्मामीटर बदलणे!

राहिला तो हात. आणि हे काम सगळ्यांत अवघड होते, कारण बाणाला ‘तू वाकडा आहेस’ असे सांगता येते, साठीच्या गृहस्थाला ते सांगायचे कसे? ऑगस्ट संपला तरी बाण आडवे फाकतच होते. एकदा मी त्याच्या मागे उभा असताना पाहिले, की दोरी सुटायच्या क्षणी त्याची चार बोटे धनुष्याच्या मुठीवर आवळली जातात. मूठ आवळली, की धनुष्य मनगटाबरोबर किंचित वळते आणि बाण तिरका निघतो. दर वेळी आवळणे सारखे नसते, म्हणून बाण कधी डावीकडे, कधी उजवीकडे.

मी भीत भीत म्हणालो, “तुम्ही शेवटी धनुष्य घट्ट धरता का?”

तो गप्प राहिला. मग म्हणाला, “ती हरिणी निसटल्यापासून धरत असेन.”

त्यानंतर पंधरा दिवस त्याने दुसरे काही केले नाही. धनुष्य अंगठ्याच्या मुळाशी तळव्यावर नुसते टेकवायचे, बोटे सैल सोडायची, आणि दोरी सुटल्यावरही बाण लागल्याचा आवाज येईपर्यंत हात हलवायचा नाही. रोज वीसच बाण, कारण थकला हात पुन्हा आवळतो. लक्ष्य म्हणून फोमचा ठोकळा होता. चिंध्यांच्या पोत्याची ही पाती चाळण करतात. एका ठिपक्यावर एकच ब्रॉडहेड सोडायचा, नाहीतर पाठचा बाण आधीच्याची पिसे कापतो. हंगामाच्या आदल्या गुरुवारी त्याने वीस, तीस आणि चाळीस वारांवरून साधी टोके आणि ब्रॉडहेड आलटून पालटून सोडले. चाळीस वारांवरही दोहोंत चार बोटांपेक्षा जास्त अंतर पडले नाही. हरिणाची नेमाची जागा आठेक इंचांच्या ताटलीएवढी असते. मी वही मिटली आणि म्हणालो, “आता चाळीस वारांवरून सोडायला हरकत नाही.”

त्याने मान हलवली. “पंचवीस,” तो म्हणाला. “फोमचा ठोकळा दचकत नाही.”

हंगाम सुरू झाला. पहिले तीन आठवडे तो पहाटे अंधारात जाई आणि रिकाम्या हाताने परत येई. एकदा हरीण दिसले पण मध्ये फांदी होती, एकदा अंतर जास्त होते. त्याने बाण सोडला नाही. प्रत्येक खेपेला तो कुंपणाशी येऊन मला हे सांगत असे, जसे काही मी परीक्षक होतो!

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात, आमच्या परतीच्या चार दिवस आधी, तो संध्याकाळी कुंपणाशी आला. हात धुतलेले होते, टोपी काढलेली होती. म्हणाला, “अठरा वार. साठ पावले गेले आणि माझ्या डोळ्यांसमोर पडले.”

“बरे झाले,” मी म्हणालो. शब्द तोंडातून गेले आणि मी स्वतःच चपापलो. एक उमदे जनावर मेले होते, आणि मी ‘बरे झाले’ म्हणालो होतो. पण दुसरे काय म्हणायला हवे होते, ते अजूनही मला सुचलेले नाही.

घरात आल्यावर सौ.ने विचारले, “किती वेळ लागला?”

“दहा-बारा सेकंद म्हणाला.”

तिने काही उत्तर दिले नाही. देवापुढचा दिवा मात्र त्या दिवशी तिने रोजच्यापेक्षा जरा लवकर लावला.

निघताना शेजाऱ्याने मला चार नंबरचा बाण दिला, फाळ काढून. पुण्यात तो आमच्या बैठकीच्या भिंतीवर आहे. येणारेजाणारे विचारतात, आणि मी ही सारी हकीकत सांगतो. परवा एका पाहुण्यांनी विचारले, “याने काय मारले?” मी म्हणालो, “काही नाही. हा वाकडा जात होता, आणि ते रानात जायच्या आधी कळले. म्हणून तर ठेवला आहे!”